मराठी मंडळी, शेवटी

आईने प्याल्याला ओठ लावले आणि रेव्हरंडसाहेबांनी प्याला बदलला.

खारघरचं मोठं चर्च. जानेवारीतला रविवार. ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करायचा आठवडा त्या दिवशी संपत होता, म्हणून आसपासच्या चर्चच्या सगळ्या मंडळ्या एकत्र उपासनेला आल्या होत्या. वेदीमागे भला मोठा फ्लेक्स. 'आपण सारे एक'. वर इंग्रजीत, मग हिंदीत, आणि अगदी खाली बारीक अक्षरात मराठीत.

प्रभुभोजन चाललं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी भाकरीचा तुकडा मिळतो, मग द्राक्षरस. वेदीपुढे लाकडी कठडा असतो. त्याला धरून आम्ही ओळीने गुडघे टेकतो. पाळक, म्हणजे चर्चचे रेव्हरंड, एकच प्याला घेऊन ओळीतून फिरतात. एक जण प्यायला की पांढऱ्या फडक्याने कड पुसतात आणि पुढच्याच्या ओठाला लावतात. एकाच प्याल्यातून सगळे. त्या विधीचा अर्थच तो.

आमच्या ओळीत पहिले एक म्हातारे गृहस्थ होते. सर्दीने बेजार. रुमाल नाकावरून खाली येत नव्हता. ते प्यायले. कड पुसली. मग एक कॉलेजची मुलगी. तिची लिपस्टिक लागली. कड पुसली. मग मी. कड पुसली. मग आई.

आईच्या पलीकडे मालतीबाई होत्या. त्यांनी मान वर केली. हळूच बोलल्या, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"रेव्हरंड, प्लीज. दुसरा."

साहेबांनी त्या प्याल्यावर फडकं टाकलं, तो वेदीवर एका बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. झाकायच्या आधी मला आतलं दिसलं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

मालतीबाई प्यायल्या. डोळे मिटून. 'आमेन' म्हणाल्या.

बाकावर येऊन बसल्यावर आई माझ्या कानाशी लागली.

"संपला आसंल."

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. महारवाड्यातलं. आजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. का घेतला, तर माणूस म्हणून जवळ बसवणारं कुणीतरी भेटलं म्हणून. गावाने त्यांना ख्रिस्ती कधी म्हटलं नाही. गावाच्या लेखी ते होते तेच राहिले. विहीर काही बाप्तिस्म्याने उघडली नाही. तरी आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, "आपल्यात तसलं नसतं." आपल्यात म्हणजे ख्रिस्ती लोकांत. आई त्यांची सून. तिने ते वाक्य पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि नव्या मुंबईत आली.

कोपरखैरण्याला आमची खोली. वडील उरणला कंटेनरच्या यार्डात होते. ते गेले. आई धुणीभांडी करायची. मी जवळच्या पावणे गावात औषधाच्या कंपनीत, पॅकिंग लाइनवर. आमची मंडळीही पावण्यातच जमायची, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप. रविवारी मशीन बंद, पण लोखंडाचा आणि ऑइलचा वास तसाच. आम्ही चटया अंथरायचो. एक ढोलकी, एक पेटी. पाळककाका आठवडाभर स्कूलबस चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. सगळे आमच्यासारखेच. कुणी हाउसकीपिंगमध्ये, कुणी वॉचमन, कुणी वेअरहाउसमध्ये. एकमेकांच्या ताटात जेवलेले.

मालतीबाई कोण, तेही सांगायला हवं. आई त्यांच्याच घरी भांडी घासायची. खारघरला, टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर. मालतीबाई पुण्याच्या. कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. चर्चच्या कमिटीवर. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते, ख्रिस्ती झाले. नवा पाहुणा आला की चहा यायच्या आधी हे सांगून व्हायचं. हॉलमध्ये पणजोबांचा फोटो. ख्रिस्ती झाल्यानंतरचा. पगडी तशीच.

आईला त्या घराचा फार अभिमान. शेजारणींना सांगायची, "आपल्या धर्माची मान्सं हायेत." बाकीची कामं सोडली, धरली. हे सोडलं नाही.

आणि आईची प्रार्थना. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण ती प्रार्थनेला बसली की समोरचा माणूस हलायचा. भांडल्यासारखी बोलायची देवाशी. कुणाचं पोर आजारी पडलं की लोक तिला बोलवायचे. मालतीबाईही बोलवायच्या. त्यांचे गुडघे गेलेले. दुखणं वाढलं की स्वयंपाकघरात हाक यायची.

"सोनाबाई, जरा या हो आत. तुमची प्रार्थना लागू पडते."

मालतीबाई पलंगावर. आई खाली फरशीवर. ओले हात पदराला पुसून त्यांच्या गुडघ्यावर ठेवायची आणि डोळे मिटायची. त्यांच्या मिस्टरांना अॅटॅक आला तेव्हा आईने उपास धरला होता. भांडी घासता घासता तिचा पुटपुटाट चालू असायचा. मिस्टर वाचले. मालतीबाईंनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. देवाचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले. आईचं नाव घेतलं नाही.

आई म्हणाली, "नाव कशाला लागतंय? देवाला ठावं हाय."

म्हणजे आईने घासलेली ताटं त्या घरात चालायची. आईने विसळलेले पेले चालायचे. आईचा हात गुडघ्याला चालायचा. आईचा देवाकडचा वशिला चालायचा. आईचे ओठ चालले नाहीत.

त्या दिवशी उपासना संपल्यावर मी मालतीबाईंना पार्किंगमध्ये गाठलं. सरळच विचारलं.

"बाई, प्याला का बदलायला लावलात?"

त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, हायजीन. कोविडपासून डॉक्टरांनी सांगितलंय मला. मनाला लावून घेऊ नकोस."

"पहिल्या काकांना सर्दी होती."

खांद्यावरचा हात निघाला.

"तू शिकलेली मुलगी ना? मग असले अर्थ काढतेस? तुझी आई आमच्या घरचीच आहे."

घरचीच. गाडीचं दार बंद झालं. काच वर गेली.

आई मलाच रागावली. "कशाला बोललीस? बाई काय वंगाळ न्हाईत. तुझंच डोकं फिरल्यालं."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला त्यांच्याकडे भांडी घासायला गेली.

त्याच वर्षी आमचा गाळा गेला. मालकाने विकला. नव्या मालकाला वर ऑफिस हवं होतं. आम्ही चटया आणि पेटी घेऊन बाहेर. मग कधी कुणाच्या खोलीत जमायचं, कधी बागेत. बागेत वॉचमनने हटकलं, "इधर ये सब नहीं चलेगा." खोलीत पाच-दहा माणसं गायला लागली की शेजारी दारात. काय चाललंय? कुणाला बाटवताय? एकाने मोबाइलवर शूटिंग काढलं. पेटी बंद झाली. मग गाणं बंद झालं. आम्ही कुजबुजत प्रार्थना करायला लागलो, चोरासारखे.

बाहेर आम्ही ख्रिस्ती म्हणून नको होतो. आत कशासाठी नको होतो, ते प्याल्याने सांगितलंच होतं.

अशात रेव्हरंडसाहेबांचा निरोप आला. तुम्ही आमच्यात या. एक मंडळी होऊ. ऐक्य नुसतं प्रार्थनेत कशाला, कृतीतही दिसू दे. पाळककाका आमच्या खोलीत येऊन रडले, आनंदाने. आईने सगळ्यांसाठी शिरा केला.

एक मंडळी म्हणजे काय झालं ते सांगते.

आमची उपासना दुपारी, त्यांची सकाळी. त्यांची वर, आमची बेसमेंटमध्ये, पार्किंगला लागून असलेल्या हॉलमध्ये. यायचं-जायचं दार मागचं. पुढच्या दाराला कार्पेट होतं, ते खराब होतं म्हणे. महिन्यातून एकदा सगळ्यांबरोबर वर. वर गेलो की मागचे बाक. उपासनेनंतर चहा, आणि चहाचे कप आमच्या बायकांनी विसळायचे. त्याला सेवा म्हणायचं. नाताळात आमच्या बायकांनी नऊवारी नेसून एक 'मराठी आयटम' करायचा. टाळ्या पडायच्या. "हाउ स्वीट" म्हणायचे.

आणि प्रभुभोजनाची वेळ आली की अशर, म्हणजे लोकांना रांगेने सोडणारा पोरगा, आमच्या बाकापाशी येऊन हात आडवा धरायचा.

"मराठी मंडळी, शेवटी."

भाषेमुळे, असं सांगितलं. आम्हाला मराठीतून आशीर्वाद द्यायचा, म्हणून वेगळी रांग. ठीक. पण मालतीबाईही मराठीच. त्यांची बहीण मराठी. कमिटीतले एक इंजिनिअर मराठी. ते सगळे पहिल्या बाकावर आणि पहिल्या रांगेत. त्यांना मराठी मंडळी कुणी म्हणायचं नाही. मराठी मंडळी म्हणजे आम्ही. त्यांना तोंडाने म्हणता येत नव्हता असा एक शब्द होता, त्याच्या जागी त्यांनी हा शब्द ठेवला होता.

मी पाळककाकांना विचारलं. ते म्हणाले, "शेवटी मिळाला तरी प्रभूच मिळतो ना, पोरी?"

एके रविवारी मी त्या शेवटच्या रांगेत उभी होते. पुढे आमच्यातल्याच एक आजी गुडघे टेकत होत्या. मागे कुणी नव्हतं. आणि मला एकदम लख्ख समजलं. आमच्यानंतर कुणी नाही. म्हणजे आमच्यानंतर कुणाला प्यावं लागत नाही. म्हणजे आता प्याला बदलायची गरज पडत नाही.

मालतीबाईंनी एकदा कुजबुजून जे मागितलं होतं, त्याचा चर्चने नियम केला होता. आम्हाला एकत्र घेतलं होतं ते असं.

तरी गुडघे टेकले. तोंडात भाकरी घोळत राहिली. गिळवेना.

पुन्हा जानेवारी आला. पुन्हा ऐक्याचा आठवडा. या वेळी मोठा कार्यक्रम. बाहेरगावचे पाहुणे पाळक, झगे घालून वेदीमागे बसलेले. फोटोग्राफर. प्रत्येक मंडळीने एक मेणबत्ती लावायची, एकीवरून दुसरी पेटवत. आमच्या वतीने आईने लावावी असं ठरलं. कमिटीनेच ठरवलं. "सोनाबाई छान दिसतात. हिरवी नऊवारी नेसवा." आईने लावली. हात स्थिर होता तिचा. फोटोग्राफरने तिला परत लावायला सांगितलं, चेहरा इकडे करून. ती परत लावल्यासारखं करून उभी राहिली.

मग रेव्हरंडसाहेबांचा उपदेश. आपल्यात वरचा-खालचा कुणी नाही. आपलं टेबल एक. बोलताना त्यांनी आईच्या मेणबत्तीकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदर सारखा केला.

आणि प्रभुभोजन सुरू झालं. आमच्या बाकाशी अशर आला. हात आडवा.

"आंटी, आप लोग लास्ट."

मी म्हटलं, "का?"

"सिस्टम है."

"कुणाची?"

तो पोरगा गोंधळला. वेदीकडे बघायला लागला.

मी आईचं मनगट धरलं आणि उठले. आईने अंग जड केलं.

"बस खाली. देवाच्या घरात तमाशा नगं."

"तमाशा नाही, आई. प्रभुभोजनाला चाललोय."

मधली वाट लांब होती. आमच्याकडे वळलेल्या माना मला दिसत होत्या. आईच्या नऊवारीची सळसळ ऐकू येत होती, इतकी शांतता. आम्ही कठड्याच्या बरोबर मध्यावर गुडघे टेकले. कठड्याला वीसेक माणसं मावतात. आम्ही दोघीच.

रेव्हरंडसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे बघत होते. साहेबांना देणं भाग पडलं. भाकरी दिली. मग प्याला. तो त्यांनी इतक्या घाईने लावला की आईच्या दातांवर आपटला. आई प्यायली. मी प्यायले. त्यांनी कड पुसली आणि प्याला घेऊन उभे राहिले.

कुणी आलं नाही.

मी मागे वळून बघितलं. चर्च गच्च भरलेलं. एकही माणूस उठत नव्हता. पहिल्या बाकावर मालतीबाई बायबलची पानं उलटत होत्या, जणू काही सापडत नव्हतं. कोट घातलेले कमिटीवाले छताकडे बघत होते. पाहुण्यांना काही कळत नव्हतं. गाणारी मंडळी एक गीत संपवून तेच पुन्हा पहिल्यापासून गायला लागली. आणि मागच्या बाकांवर आमचे लोक. ज्यांच्या ताटात मी जेवले ते लोक. माना खाली. पाळककाकांचीही.

गीत दुसऱ्यांदा संपत आलं. रेव्हरंडसाहेब वळले. प्याला वेदीवर ठेवला. फडकं टाकलं. आतल्या खोलीत गेले आणि दुसरा प्याला घेऊन बाहेर आले.

तेव्हा पहिला बाक उठला.

आई अजून गुडघ्यावरच होती. तिने सगळं पाहिलं. झाकलेला प्याला तिच्यासमोर हातभर अंतरावर होता.

"भरल्याला व्हता गं," ती म्हणाली.

एवढंच. आवाज इतका बारीक, की तो तिचा वाटला नाही.

मालतीबाई आमच्या शेजारी येऊन टेकायला लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना त्रास होत होता. कठडा धरून वाकत आईला म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "सोनाबाई, उठा आता. लोक खोळंबलेत."

मी उठले. वेदीकडे पाठ केली. आयुष्यात कधी माणसांसमोर बोलले नव्हते.

"तो प्याला भरलेला आहे," मी म्हटलं. "माझी आई प्यायली म्हणून झाकलाय. आमचे आजोबा महार होते म्हणून झाकलाय. सर्दी झालेला माणूस चालतो इथं. आम्ही चालत नाही. कुणाला आमच्यानंतर प्यायचं असेल तर या. मी थांबते."

महार हा शब्द त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला असेल. कुणीतरी शिवी दिल्यासारखे लोक दचकले. मनात रोज असणारा शब्द. कानाला सहन झाला नाही.

कुणी आलं नाही. की-बोर्डवाल्याने आवाज वाढवला. माइकवरच्या मुलीने डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि सूर चढवला. देवाच्या प्रेमाचं गीत. ते आणखी मोठं झालं. मी बोलत राहिले, ते माझं मलाही ऐकू येईना. त्यांनी मला स्तोत्रात बुडवलं.

मी आईला उठवलं आणि बाहेर पडले. पुढच्या दाराने. कार्पेटवरून.

बसमध्ये आई पदराने ओठ पुसत होती. पुन्हा पुन्हा. जरीचा काठ घासून ओठ लाल झाले. मी तिचा हात धरून ठेवला. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर खाडी होती, तिकडे बघत होती.

सकाळी मालतीबाईंचा व्हॉइस मेसेज आला. माझ्या मोबाइलवर. "सोनाबाईंना म्हणावं, आजपासून नको. मी डिशवॉशर घेतेय. आणि तू जे केलंस, त्याबद्दल मी प्रार्थना करतेय तुझ्यासाठी."

आईने तो ऐकला. परत लाव म्हणाली. परत ऐकला. मग उठून मोरीशी गेली आणि उगाच घासलेली भांडी घासत बसली.

कमिटीने निर्णय दिला. उपासनेत व्यत्यय आणला. माफी मागावी. नाहीतर मराठी मंडळीला बेसमेंट मिळणार नाही. मी केलं, शिक्षा सगळ्यांना. हुशार माणसं. त्यांना ठाऊक होतं, आता माझ्यावर दगड आमचेच लोक मारतील.

पाळककाका आले. स्कूलबसच्या युनिफॉर्ममध्येच. पाण्याचा ग्लास हातात धरून बसले.

"एक शब्द बोल, पोरी. सॉरी म्हण. इंग्रजीत म्हण, दुखत नाही."

"कशाबद्दल, काका?"

"मला विचारू नकोस. मला सगळं दिसतं. मी आंधळा नाही." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "लग्नं कुठं लावायची आपण? पोरांचे बाप्तिस्मे? उद्या आपलं माणूस गेलं तर माती कुठं द्यायची? तू दोन मिनिटं बोललीस. आम्हाला मरेपर्यंत इथंच राहायचंय."

मी नाही म्हटलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई समजूतदार, आई प्रार्थनेची बाई, ती मला समजावेल असं त्यांना वाटलं असणार.

आई म्हणाली, "पाळक, चा घ्या. ह्यो विषय नगं."

बहुतेक घरं गेली माफी मागायला, पाळककाकाही गेले. बायका-पोरांसकट पुढे उभं राहून, मान खाली घालून, माझ्या वतीने. त्यांना बेसमेंट परत मिळालं. आजही ते शेवटी जातात. रस्त्यात भेटले तर दुसऱ्या बाजूला होतात. मला त्यांचा राग येतो. त्यांची अडचण समजते, तरी राग येतो. पोटातलं दुखणं असल्यासारखा येतो आणि जात नाही.

आम्ही थोडी घरं उरलो. पावणे गावात एका आगरी आजींनी पडवी दिली. त्या हिंदू. मी आधीच सगळं सांगितलं, आम्ही ख्रिस्ती, गातो, प्रार्थना करतो, लोक बोलतील. आजी म्हणाल्या, "बसा गो. देवाचाच नाव हाय ना?" त्यांच्या मुलाला ते पसंत नाही. किती दिवस बसू देतील, माहीत नाही. पाऊस तिरका आला की आम्ही भिजतो. प्रभुभोजन देणारा पाळक आमच्याकडे नाही. भाकरी आईच थापते आणि आम्ही मोडून खातो. नियमाप्रमाणे ते प्रभुभोजन धरत नाहीत. नाही धरत तर नाही.

मध्यंतरी मालतीबाईंचा फोन आला. आईसाठी. मी स्पीकरवर टाकला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या रडत होत्या. खरंच रडत होत्या, नाटक नव्हतं.

"सोनाबाई, भीती वाटते हो. एकदा येऊन प्रार्थना करून जा. तुमच्यासारखी प्रार्थना आमच्या इथं कुणाला येत नाही. रिक्षा पाठवते."

आईच्या हाताला पीठ होतं. ती बोटावरचं पीठ काढत राहिली. मला वाटलं, ही जाणार. आयुष्यभर गेलीय.

"मी न्हाई येनार, बाई," ती म्हणाली. "तुमीच या. पावण्याला बसतो आमी, ऐतवारी. खुर्ची न्हाई. खाली बसाया लागंल आमच्यात. या. करू परार्थना."

पलीकडे त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला.

"बघते," मालतीबाई म्हणाल्या. फोन बंद.

त्या आल्या नाहीत. ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं ऐकलं.

या वर्षी रेव्हरंडसाहेबांनी स्वतः फोन केला. ऐक्याचा आठवडा जवळ आला होता. म्हणाले, मागचं विसरून जाऊ. तुम्ही लोक नसलात तर बरं दिसत नाही. बाहेरचे पाहुणे विचारतात.

दिसत नाही. शब्द बरोबर होता.

मी म्हटलं, "येऊ. आधी माझ्या आईची माफी मागा. तुम्ही आणि मालतीबाई. भरल्या चर्चमध्ये, माइकवर, मराठीत. कशाबद्दल मागताय ते नाव घेऊन. जात हा शब्द उच्चारून."

ते म्हणाले, "प्रभू आपल्याला क्षमा करायला शिकवतो, बेटा."

"आम्ही तेच करत आलो, साहेब. आजोबांपासून."

"मी या विषयावर प्रार्थना करतो."

"करा," मी म्हटलं आणि ठेवला.

आता माझं ठरलंय. पाळककाकांना सांगून झालं, आईला सांगून झालं, इथंही सांगते. ज्या टेबलाशी आम्हाला ओळ ठरवून दिली जाते, त्या टेबलाशी मी जाणार नाही. बेसमेंटमध्ये देवाला हाक मारणार नाही. लग्न लावायला जागा नसेल तर पडवीत लागेल. माती द्यायला जागा नसेल तर ती मिळेपर्यंत मी दारात बसेन, प्रेत घेऊन बसेन, पण मान खाली घालणार नाही. माझ्यासमोर ऐक्याचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट विचारणार, माफीचं काय झालं. दर वर्षी विचारणार. ते गाणं मोठं करतील. मी पुढच्या वर्षी परत विचारीन.

आई थकत चाललीय. जमिनीवरून उठताना आता भिंत धरते. तेव्हा घाई त्यांनी करायची आहे. ती गेल्यावर ते हार घेऊन आले, रडले, माफी मागितली, तर ती घ्यायचा हक्क माझा नाही. मी घेणार नाही.